शामुवेल काटेवाल्याचा गुडघा

दर बोंदरीमागे दोन किलो.
दांडीकाट्याला कापूस टांगला की
शामुवेल भोंगाडे आकडा बघायला जवळ सरकायचा,
आणि धोतराआडून त्याचा उजवा गुडघा
अलगद बोंदरीखाली जायचा,
झोपलेल्या लेकराला आधार द्यावा तसा.

रविवारी तो आमच्या पुढच्याच बाकावर.
गाणं सुरू झालं की सगळ्यांत वरचा सूर त्याचा.
आई त्याच्या मानेकडे बघत गायची.
तिला ठाऊक होतं.
जिनिंगच्या आवारात, हमालांदेखत,
एकदा म्हणालीही होती, “शामुभाऊ, गुडघा काढा.”
त्यानं काढला.
त्या दिवसापुरता.

मग साखरेनं त्याचा पाय काळा पडला.
सेवाग्रामला नेऊन मांडीतून कापला.
उजवाच.
गाव किती खूश झालं, सांगता येत नाही.
हातपंपावर, पानठेल्यावर,
उपासना सुटल्यावर आमच्या देवळाच्या पायरीवरसुद्धा
एकच वाक्य फिरत होतं: देवानं बरोबर तोलला.
मीही हसले. नऊ वर्षांची होते,
पण हिशेब यायचा मला.

आई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. थांबली.
“त्याचा पाय साखरेनं गेला.
देवाले काऊन काट्यावर उभं करता?”
एवढंच. पुन्हा मळायला लागली,
आणि त्या दिवशी तीन भाकरी जास्तीच्या थापल्या.

डबा न्यायचं काम माझं.
अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, गूळ नाही.
त्याला काय चालतं, काय नाही,
हे तिनं मिशन दवाखान्यातल्या बाईंना
दोनदा विचारून घेतलं होतं.
पहिल्या दिवशी मी डबा उंबऱ्यावर ठेवून पळाले.
दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली संगं.

खाटेवर तो केवढासा दिसत होता.
चादर जिथं एकाएकी सपाट होते
तिथं बघायचं नाही, असं ठरवून
मी तिथंच बघत होते.
“सलोमीबाई, मी तुमचं लय खाल्लं,” तो म्हणाला.
आणि लगेच, घाईघाईनं,
“तवा सारेच करत होते. जाऊ द्या म्हना ना.
म्हना, काही नाही झालं.”

आई भाकर मोडत होती.
“असं कसं म्हनू? झालं ना.
त्या साली या पोरीची फी राह्यली.
गुणवंताच्या सुनेले बाळंतपनात
दवाखान्यात न्यायले गाडीभाडं नव्हतं.
ज्याचं त्याले जमन तेवढं देऊन टाक.
नाही जमलं त त्याच्या तोंडावर जाऊन सांग.
मी येतो संगं, हात धराले.
आता जेव. भाजी निवून रायली.”

तो जेवला.
रडला की नाही, आठवत नाही. चटणी तिखट होती.

पुढं कुबड्या आल्या.
तीन घरी गेला, आई मागोमाग.
चौथ्या घराचं दार उघडलं नाही.
आई त्या घराविषयी कधी काही बोलली नाही,
त्यांचं दुःख त्यांच्या वजनाचं होतं.

मला अजून जमत नाही हे.
कुणाचं पाप समोर टांगलं गेलं
की मी आकडा बघायला जवळ सरकते,
आणि कळायच्या आत
माझा गुडघा कुठल्या ना कुठल्या बाजूनं
पुढं झालेला असतो.
आपल्या माणसाचं हलकं करायला वरून खाली,
दुसऱ्याचं जड करायला त्याहून अलगद.

पाचवं घर आमचं होतं.
त्यानं ओसरीवर बसून रुमालाची गाठ सोडली,
एकशे चाळीस रुपये, बरेचसे चिल्लर.
मला वाटलं, आई म्हणेल, राहू द्या.
आईनं एकेक नाणं मोजून घेतलं,
पदरात बांधलं,
आणि चूल फुंकून चहा ठेवला त्याच्यासाठी,
बिनसाखरेचा.
स्वतःसाठीही तसाच.