भूलवाले डॉक्टर गुरुवारी येतात

गौराव्वानं मला पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा आशाताई म्हणून मिळालेल्या साडीची घडीसुद्धा
मोडली नव्हती मी.
डाळिंबाच्या सरीत, माझ्याकडे पाठ करून म्हणाली,
"अंग बाहेर येतंय."
कधीपासून?
"धाकट्याच्या वेळेपासून."
धाकटा त्या वर्षी चौथीत होता.

जुन्या लुगड्याच्या चिंधीची चौकोनी घडी
ती आत दाबून बसवायची,
मग कासोटा घालून
दोन घागरी उचलायची.

मी वही काढली.
गरोदर, बाळंत, लस, क्षय, कुष्ठ.
तिच्यासाठी रकानाच नव्हता.
'इतर'मध्ये लिहिलं.

पहिल्यांदा जतला गेलो तर डॉक्टरीणबाईंची बदली झालेली.
दुसऱ्यांदा रक्त भरलं सात.
"दहा करून आणा," म्हणाले,
जसे काही मंगळवारच्या बाजारात
तीन पॉइंट किलोवर मिळतात.
लोहाच्या गोळ्यांनी परसाकडे काळं झालं,
ती घाबरली, गोळ्या चुलीमागे लपवल्या.
मी शोधून काढल्या. भांडले.
आठ महिन्यांनी साडेनऊ झालं.
सिस्टर म्हणाल्या, चालेल.

मग रेशनकार्डावर गौराबाई, आधारवर गौरव्वा.
योजनेच्या खिडकीतला पोरगा वाईट नव्हता हो,
आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यानं तिला दिली.
पण या दोघी एकच बाई आहेत
हे कॉम्प्युटरला पटवणं
त्याच्या हातात नव्हतं.

एकदाच सगळं जुळलं.
कार्ड, रक्त, सर्जन, लाईट.
भूलवाले डॉक्टर तेवढे मिरजेहून यायचे,
गुरुवारी. आलेही.
आणि त्यांच्या पाठोपाठच जीपमधून
एक अडलेली पोर आली, आडवं मूल, अंगभर घाम.
ती आधी आत गेली. ते बरोबरच होतं.
गौराव्वाच म्हणाली,
"तिचं जिवावरचं आहे. माझं काय, रोजचंच."
आणि मग तिच्या कानडीत, "इरली बिडु",
म्हणजे असू दे, सोड.
मूल जगलं. दुपारी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले.
शेवटची एसटी पाचची होती.

रोजचंच.
हा शब्द माझ्या दातात अडकलाय तेव्हापासून.
ज्यानं माणूस आज मरत नाही ते रोजचं.
त्याला जीप मिळत नाही, रात्री कुणी दार वाजवत नाही.
ते खाली बसताना दुखतं, उठताना दुखतं,
नवऱ्यापासून लपवून दुखतं,
हळदीकुंकवाला कोपऱ्यात उभं राहून दुखतं.
भूल द्यायला माणूस नाही इथे.
भूल पडायला कमी नाहीत.
मलाही पडली होती, एक अख्खं वर्ष, करोनाचं.

धाकटा बारावीला बसला त्या साली
पुन्हा एक गुरुवार आला.
रात्रीपासून उपाशी, ओठ ओल्या बोळ्यानं पुसलेले.
बांगड्या वाढवायच्या नाहीत म्हणाली,
मोरीत साबण लावून एकेक उतरवल्या,
रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या.
आणि त्याबरोबर ती घडी.
धुतलेली, उन्हात वाळवलेली, कडेला कड जुळवून.
"आता नको ही," म्हणाली,
आणि स्ट्रेचर नको म्हणत
चालतच गेली आत.

दोन तास.
बाकावर माझ्या शेजारी कुणाची तरी सासू,
पन्नाशीची असेल, हातात नातवाचा केसपेपर.
तिनं त्या घडीकडे पाहिलं.
दुसरीकडे पाहिलं. परत घडीकडे.
मग पदर तोंडाशी नेत
अगदी हळू, भिंतीला सांगावं तसं,
"बाई, ते टाकून देणार आहात का?"

मी पिशवीतून वही काढली.
'इतर' भरून गेला होता.
समासात लिहायला घेतलं.
नाव विचारलं तर म्हणाली, कोणतं सांगू,
कार्डावरचं का आधारवरचं?