आधी डोळे

ब्र्नोमध्ये, आठ नंबरच्या ट्रामचा शेवटचा थांबा,
तिथल्या सायकलवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे.
गुरुवारी संध्याकाळी द्राहोमीराबाई तिथे दिवा ओढून बसतात.
चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात घडवले,
एकेक, शेजारच्या दाताच्या पिवळेपणाशी जुळवून.
आता बोटभर उंचीचे सैनिक रंगवतात.

मी दिवसभर ट्राम हाकून तिथे गेलो,
खिशात माझा पहिला भालाईत.
त्यांनी तो चिमट्यात धरला, भिंगाखाली फिरवला.
"थंडी वाजते का याला? किती पांघरुणं घातलीस!"
खरंच, रंगाखाली नाक उरलं नव्हतं,
चिलखताच्या कड्यांची खीर झाली होती.
त्यांनी तो बरणीत सोडला.
बरणीवर अजून काकडीच्या लोणच्याचं चित्र,
आत स्पिरिट.

पुढच्या गुरुवारी जुन्या दातब्रशने घासला
आणि नाक परत आलं.

तेव्हापासून ऐकतोय:
रंग साय काढलेल्या दुधासारखा हवा.
अंगठ्याच्या नखावर ओढून बघ,
नखाच्या रेघा दिसल्या पाहिजेत.
एका हातात झाकायला जाशील तर फसशील,
दोनदा जा, तीनदा जा,
मध्ये चहा पी. फक्त ब्रश चहात बुडवू नकोस.
(मी बुडवला. दोनदा.)
बिस्किटाच्या डब्यात ओला स्पंज,
वर केक भाजायचा कागद,
त्यावर रंग उद्या सकाळपर्यंत जागा राहतो.

मग ते तपकिरी पाणी.
सगळीकडून सोडायचं आणि हात मांडीखाली दाबून बसायचं.
घड्या, काखा, बोटांच्या बेचक्या,
त्याला सगळे पत्ते पाठ असतात.
ओलं असताना डागडुजी करायला गेलास
तर शेवटी डागच उरेल.

दगडासाठी, लोकरीसाठी, गंजलेल्या ढालीसाठी
ब्रश कागदावर पुसत राहायचा,
संपला, संपला असं वाटेपर्यंत.
त्यानंतर जे उरतं तेवढंच वापरायचं.

आणि डोळे आधी.
चेहरा नंतर, चुकलं तर कातडीनं झाकता येतं.
पांढरा ठिपका, त्यावर वरून खाली एक उभी रेघ.
काळा ठिपका नको,
ठिपक्यानं माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो.
युद्धावर निघालाय तो,
भूत नंतर बघेल.

वसंतापासून त्यांचा उजवा हात थरथरतो.
त्याबद्दल त्या बोलत नाहीत, मीही विचारत नाही.
कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली,
श्वास सोडून थांबतात.
हात थांबत नाही.
दोन थरथरींच्या मधल्या फटीत
त्या रेघ ओढून मोकळ्या होतात.

त्यांच्या कपाटात एक राक्षस आहे,
तोंड वासून उभा.
त्याच्या खालच्या डाव्या दाढेत
करड्या रंगाचं सिमेंट भरलंय.
मला दाखवलं तेव्हा म्हणाल्या,
"बिचारा रात्रभर कण्हत होता."

शनिवारी खेळ होता.
माझा भालाईत सहा आठवड्यांनी तयार,
पुढच्या रांगेत, अगदी कडेला, वार्निशचा वास येत असलेला.
समोर तिबोर, वय वर्षं अकरा,
ज्याचं अख्खं सैन्य अजून करडं, कारखान्यातून आलं तसं.
त्यानं फासे हातात खुळखुळवले, फुंकर मारली, टाकले.
सहा आणि सहा.
पहिल्याच फेरीत माझा गडी गारद.

तिबोरनं त्याला टेबलाबाहेर ठेवला,
चहाच्या कपाशेजारी, जरा अदबीनं, आडवा.
द्राहोमीराबाई वाकल्या. भिंग लावलं.
मला वाटलं, आता काहीतरी चांगलं म्हणतील.

"डावा डोळा," त्या म्हणाल्या,
"केसभर वर गेलाय."