रंगाच्या रकान्यात

शारजाच्या बाहेर, अल सजा.
नाव ऐकून आईने फोनवर विचारलं होतं,
कशाबद्दल, आणि किती वर्षांची?
गाड्या तपासतो, म्हटलं.
चौदा भोगून झाली.

अमेरिकेत आपटलेल्या गाड्या इथे कंटेनरमधून उतरतात.
एअरबॅगा लोंबत असतात, सीटखाली कुणाचा चष्मा,
एकदा लहान मुलाचा एकच बूट.
गुलजमान पत्रा ठोकतो. असा ठोकतो
की बॉनेटही विसरतं आपण कुठे वाकलो होतो.
मग नवी काच,
आणि काचेवर, आरशामागे,
तो डोळा परत चिकटवतात. अंदाजाने.

त्या डोळ्याला आपण सांगून ठेवलेलं असतं:
पट्टा ओळख, पुढचा ट्रक ओळख,
मी चुकलो तर तू थांब.
डोळ्यात तेल घालून बसलेला पोरगा,
फक्त मान एक अंश मुरगळलेली.
काचेपाशी एक अंश
म्हणजे पन्नास मीटरवर दोन हात.
दोन हातांत एक माणूस मावतो,
सायकलसकट.

माझ्या फॉर्मवर बारा रकाने.
ब्रेक. टायर. धूर. हॉर्न.
काच: तडा आहे की नाही?
नाही.
काचेमागच्या नजरेकडे फॉर्म कानाडोळा करतो
आणि मी हिरवं बटण दाबत आलो.

त्या मंगळवारी पांढरी एसयूव्ही आली,
वाळूत न्यायची म्हणून दोन इंच उचललेली.
चाचणीच्या रस्त्यावर चाळीसने नेली.
खजुराच्या सावलीला तिने कचकन ब्रेक मारला.
पुढे पाण्याचा टँकर उभा होता,
त्याच्या डोक्यावरून ती क्षितिज बघत राहिली.
तिथे ब्रेक मी मारला.
डॅशबोर्डवर एकही दिवा नाही.
चूक दाखवणारा दिवा
कुणीतरी लॅपटॉप लावून झोपवला होता.

मालक, सालमीन, म्हणाला,
मिस्टर मिरकर, नापास करणार ते कुठल्या रकान्यात?
उद्धट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
करक चहाही त्यानेच आणला होता.

संगणकात शेरा मारायला जागा नाही.
एक रंगाचा रकाना तेवढा मोकळा, हवं ते टाइप करा.
मी लिहिलं:
पांढरा, लांबचं बघतो, जवळचं दिसत नाही.
बारा रकाने पास.
मुल्कियावर रंग जसाच्या तसा छापून आला.

मग सवयच लागली.
चंदेरी, डावीकडे ओढतो.
काळा, काच नवी, डोळा जुन्याच काचेतला.
मोतिया, धुळीला भिंत समजतो.

मार्चमध्ये मुख्य कार्यालयातून फोन.
मौज़ा नावाच्या बाई.
हा कुठला रंग, विचारून हसल्या.
माझ्या मोडक्या अरबीत सांगत गेलो,
अंश, इंच, सावली, टँकर.
पलीकडचा कीबोर्ड थांबला.
असे किती रंग आहेत तुमच्याकडे?
ड्रॉवरमधून वही काढली.
दोनशे अकरा.
पाठवा, म्हणाल्या. आणि यापुढे रंगात लिहू नका.

मग कुठे लिहू?
ते सांगितलं नाही.
फोन ठेवून त्याही बहुतेक
हेच विचारायला कुणाच्या तरी टेबलाशी गेल्या असतील.

माझी कोरोला वीस वर्षांची.
आरशाला हर्णैहून आणलेली सुरंगीची सुकी वेणी.
हिला काही दिसत नाही
आणि ते ही लपवत नाही.
संध्याकाळी एमिरेट्स रोडवर शेजारून
पांढऱ्या गाड्या जातात, पांढऱ्या, पांढऱ्या.
त्यातली कुठली नुसती पांढरी
आणि कुठल्या पांढऱ्यापुढे स्वल्पविराम आहे
हे बाहेरून कळत नाही.
मी अंतर ठेवतो. पाय
ब्रेकवर.