नव्वद मिली

रात्रीचे पावणेबारा. बालेवाडीच्या हॉलमागची खोली,
एक ट्यूब चालू, एक अजून विचारात.
माझ्या गळ्यात ओळखपत्र, त्याच्या गळ्यात पदक,
मध्ये टेबलावर झाकणाचा रिकामा पेला.

माझं काम एवढंच :
नवनाथ काळभोर, वय अडतीस,
पिंजऱ्यातून उतरल्यापासून लघवी होईपर्यंत
नजरेआड होऊ द्यायचा नाही.
रात्रीचे बाराशे. पेट्रोल वेगळं.

वजनासाठी चार दिवसांत सात किलो पाणी काढलं त्याने,
प्लास्टिकचा सूट घालून, बंद गाडीत हीटर लावून,
लोणीच्या रस्त्याला भर दुपारी.
आता सीलबंद बाटल्या तीन संपल्या तरी थेंब नाही.
"विहीर आटलीय मास्तर. बसा."

मास्तरच आहे मी, हडपसरच्या शाळेत पी.टी.चा.
हे सांगितलं त्याला.
हे नाही सांगितलं, की अकरा वर्षांचा असताना
जत्रेत ट्रॉलीच्या चाकावर चढून पाहिलं होतं
त्याने सांगलीच्या पैलवानाला ढाक लावली तेव्हा
हौदातली माती माझ्या तोंडात आली होती.

दाढी आडनावाला जागून काळीभोर.
फक्त फुटलेल्या कानामागे
रंगवणाऱ्याचा ब्रश चुकलाय.

फॉर्म पुढे सरकवला. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
तो जोडाक्षरं फोडत लिहितो :
गुडघ्याची गोळी.
बीपीची गोळी.
इसबगोल.
मग पेन थांबतं.
थांबलेल्या पेनाकडे बघू नये, हे शाळेत शिकलोय मी,
म्हणून पंख्याकडे बघतो.

"वस्ताद गेले, तेव्हा खुराकाची वही निघाली.
बदाम, तूप, म्हशीचं दूध, कोणी किती प्यायला,
सत्तावीस वर्षांचा हिशेब.
पस्तिशीनंतर काय खायचं
ते कुठंच नव्हतं लिहिलेलं."

नंतर म्हणाला, सकाळी बाणेरच्या सोसायटीत
आयटीवाल्यांना पंच मारायला शिकवतो.
पोट कमी होतं त्यांचं. वेळेवर पैसे देतात.
पूर्वी भुवई फुटली तर आठवड्यात भरायची,
आता गणपतीतली दिवाळीपर्यंत ओली राहते.
"आजचा पोरगा भोसरीचा, तेवीसचा.
गळा माझ्या कवेत होता, त्याची नाडी लागत होती दंडाला,
निवांत.
ढोल वाजत होता तो माझ्यात."

सव्वाला उठला.
नियम असा : पँट गुडघ्यापर्यंत, शर्ट छातीपर्यंत,
बाह्या कोपराच्या वर, आणि मी समोर.
ज्याला बघायला चाकावर चढलो होतो
त्याला असा बघतोय.
कमरेखाली उजवीकडे एक ठिपका,
मुंगी चावल्याएवढा, कडेने पिवळट.
डास असेल. नदी जवळ आहे इथून.

पंचावन्न.
कमी पडले. पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी.

"मास्तर, त्या यंत्राला वय कळतं का हो?"
नाही. काय घेतलंय, तेवढंच.
"म्हणजे अर्धंच कळतं."

दोनला नव्वद भरले, वर पाच.
दोन बाटल्यांत त्यानेच ओतायचं, झाकणं त्यानेच लावायची,
मी हात लावायचा नाही.
पहिलं बसलं. दुसरं फिरेना.
बोटांची पेरं सुजून आल्यासारखी झाली होती,
झाकण निसटायचं, तो पुन्हा धरायचा,
तीन तासांपूर्वी ह्याच हातांनी
एक तरणा गडी टाळी देऊन सुटला होता.
मी हात मांडीखाली दाबून बसलो.
कट्, कट्, कट्, आणि मग फिरायचं थांबलं.

शेऱ्याचा रकाना होता माझ्यासाठी.
लिहिलं : काही नाही.
बाटलीला जे माहीत आहे ते बाटली बोलेल,
महिन्याने, दुसऱ्या गावात.

पेटी साहेबांच्या गाडीतून गेली.
तो जिन्यात उभा, पदक खिशात घालून.
"लोणीला सोडता का? आता बस नाही."
हडपसरपर्यंत तर माझीच वाट.

सोलापूर रस्त्याला प्रत्येक गतिरोधकापाशी
त्याचा हात माझ्या खांद्यावर यायचा,
जड, गरम.
"सावकाश, मास्तर.
मणका आहे."