आवाज बंद झाला की

दादांनी समुद्र फारसा पाहिलाच नाही.
पंधरा वर्षं नेव्हीत, आणि सगळी पाण्याच्या पातळीखाली,
बॉयलरपाशी. वर लाटा होत्या असं
डेकवरचे लोक सांगायचे.

बुधाजी सोमा मिठबावकर, स्टोकर.
देवगडच्या खाडीत होडी वल्हवणारा सातवी पास पोरगा
लायन गेटातून आत गेला,
बाहेर आला तो वाफेचा दाब
भिंतीला तळवा टेकून सांगणारा माणूस होऊन.

एकाहत्तरच्या डिसेंबरात
घोडपदेवच्या खोलीत आई काचांना
काळा कागद खळीनं चिकटवत होती.
दादा कुठे आहेत, मी विचारायची.
कुणालाच ठाऊक नव्हतं. दादांनाही.
काटा लाल रेघेच्या अलीकडे ठेवायचा, एवढंच त्यांचं युद्ध.
आपलं जहाज कुठवर जाऊन आलं
ते त्यांनी महिन्याभरानं वाचलं,
भज्यांच्या तेलकट कागदावर.

पदक आईच्या बटणांच्या डब्यात पडलं.
शाळेच्या झग्याचं बटण शोधताना
दर वेळी तेच हाताला लागायचं.

कान मात्र जहाजावरच राहिले.
घरात ओरडून बोलायचे, गुपितंसुद्धा.
माझं लग्न ठरल्याचं
शेजारच्या खोपकरांना माझ्याआधी कळलं.

पुढे भायखळ्याच्या एका इस्पितळात बॉयलर सांभाळला,
चादरी उकळायचा. "जहाजच आहे हे," म्हणायचे,
"नांगर तेवढा उचलत नाहीत मेले."

झोप लागायची ती खडखडाटातच.
खाटेच्या लोखंडी पायाला टेबल फॅन बांधलेला,
जाळी सैल, पातं एका बाजूनं वाकलेलं.
बहिऱ्या माणसाला तो ऐकू कसा येतो?
"पाठीला येतो," म्हणायचे.
भावानं नवा आणला, बिनआवाजाचा;
रात्रभर टक्क बसून राहिले.
सकाळी जुना परत.

आणि वीज गेली, की सगळी बिल्डिंग घोरत असताना
दादा ताडकन उभे.
अनवाणी, अंधारात हात काहीतरी चाचपतोय:
झडप असेल, शिडीचा दांडा असेल.
एकदाच समजावलं होतं मला:
"खाली आवाज बंद झाला की
का, ते नंतर बघायचं.
आधी उठायचं."

मे महिना होता. पहाटे डॉक्टर येऊन गेले.
खोली माणसांनी भरली, बायका पदरानं वारा घेत होत्या.
"अगो, फॅन तरी लावा कुणी," खोपकरीण म्हणाली.

आई बटणापाशी उभी होती,
बोट बटणावर.
मघाशी तिनंच तो बंद केला होता.

"थांबा जरा," म्हणाली.
"बंद असू दे."

आणि आम्ही सगळे
खाटेकडे बघत राहिलो.