ट्यूबा

नुकुअलोफा. सकाळचे सात.
सेमिसी टेबलावर, एकशे अठ्ठावन्न किलो,
आधीच माफी मागतोय:
"सरकवताना पाठ जपा हं."

मी उशा रचते. खांद्यांखाली, मानेखाली,
कानाची पाळी छातीच्या हाडाशी
एका रेषेत येईपर्यंत.
वजन काय, काटाही सांगतो.
मला हवाय श्वासाचा हिशेब:
थांबला, तर किती पुरेल.
इतरांना मिळतात ती मिनिटं
याला मिळणार नाहीत.

"बायको म्हणते, मी घोरतो
आणि मधेच गप्प होतो.
तेव्हाच तिला जाग येते."

मास्क. "चर्चच्या बँडमध्ये काय वाजवतोस?"
"ट्यूबा."
"मग आता फुंकू नकोस. ओढ."

हसतो. ओढतो.
आकडा चढतो: ब्याण्णव, शहाण्णव.
सिरिंज हातात धरून
मी अजून थांबते.