सातचा पाय

रंग खरवडताना मी घाई करत नाही.
वरचा सोनेरी : धायरीचा बॅण्डवाला,
नवरदेव मिरवायला हिला भाड्यानं द्यायचा.
त्याखाली पिवळा : उरुळीचे कुंजीर.
तेरा वर्षं त्यांच्या पोल्ट्रीच्या शेडात होती,
सीटखाली मला एक अंडं सापडलं, अख्खं, आतून पोकळ.
पिवळ्याखाली लष्करी हिरवा, ब्रशनं फासलेला;
त्या कॅप्टननं ही पत्त्यांत घालवली म्हणतात.
हिरव्याखाली, चारशेच्या कागदानं, पाणी मारत मारत,
साय.
सायीवर काळा गोल, गोलात तेवीस.

हाच तो तेवीस.
कात्रजचा घाट, एकोणसाठ साल,
नोशिर घडियाली, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा,
बोगद्याच्या तोंडाशी पहिला.
बाप माझा शेवटच्या वळणावर पाण्याचा कॅन घेऊन उभा.
त्याला गाडी दिसलीच नाही,
करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हलल्या, असं सांगायचा.

आता मालकीण देवयानी पारनेरकर, बाणेरच्या.
येतात त्या फाइल घेऊनच.
"सगळं मूळचं हवं, पांचाळ.
इंजिन तर मूळचंच आहे. नंबर जुळतो, मी पाहिलाय."

नंबर जुळतो. मीही पाहिला.
इंजिनावरची अष्टकोनी पितळी पट्टी
रॉकेलनं पुसली, चष्मा कपाळावर घेतला, वाकलो.
चार, सात, सात, एक.
दोन्ही सात लंगडे.

आमच्याकडे चहाच्या डब्यात नंबराचे पंच आहेत,
शून्य ते आठ. नऊ म्हणजे उलटा सहा.
सातचा पाय माझ्या जन्माआधीच तुटलेला.
बापानं नवा घेतला नाही.
कळतंय ना सात आहे, म्हणायचा.

मग चेसिसच्या पोकळीतून माती निघाली.
टॉमीनं ठोकत गेलो तशी सांडत राहिली,
मऊ, राखाडी,
नदीची.

बारा जुलै, एकसष्ट. पानशेत.
आमचं शेड ओंकारेश्वराच्या अंगाला,
घडियालींची गाडी आत, इंजिन उतरवून फळीवर.
पाणी ओसरलं तेव्हा ब्लॉक तडकलेला.
मुंबईहून तार आली : गाडी बरी?
बापानं उलट तार केली : बरी.

बाकीचं मी जुळवलं.
आईच्या पाटल्या, ज्या पुरात गेल्या असं ती सांगायची.
खडकीच्या लिलावातलं दुसरं इंजिन.
जुनी पट्टी उचकटताना फाटली असणार,
म्हणून तांबट आळीतून आणलेला पितळेचा तुकडा,
आणि त्यावर रात्री कधीतरी
एकेक घाव.

तडकलेला ब्लॉक भवानी पेठेतल्या भट्टीला गेला, किलोवर.
तिथं तेव्हा तराजूची मापं ओतायचे.
मी दहावीत असताना बाप एकदा मंडईत
पाच किलोच्या मापावर हात ठेवून उभाच राहिला.
वांगीवाली म्हणाली, घ्यायचंय का काही, मामा?
मला लाज वाटली होती.
कात्रज चढलेलं लोखंड
आयुष्यभर एका जागी बसून कांदे तोलणार,
हे त्यानं कुणाला सांगायचं?

बाईंना मी सांगितलं. सगळं. पाटल्यांसकट.
त्यांनी ऐकून घेतलं, फाइल मिटली.
"अजून कुणाला माहितीय?"
म्हटलं, मला. आणि ह्या सातला.

जानेवारीत रॅली. गाडीपुढं पाटी :
मूळ इंजिन, मूळ क्रमांक.
दिल्लीचा परीक्षक गुडघ्यावर बसला,
टॉर्च लावला, भिंग काढलं.
मी गर्दीच्या मागे, थंडीतही बनियन ओला.
ओरडावंसं वाटत होतं, अहो नीट बघा, पाय नाहीये त्याला,
आणि त्याच वेळी आतून कुणीतरी म्हणत होतं,
नको, नको बघू.

त्यानं मान डोलावली. वहीत खूण केली.

पास झाला.
साठ वर्षांनी, भिंगाखालून, माझा बाप.

बिलापेक्षा दहा हजार जास्त आलेत.
परत द्यायचेत.
रोज विसरतो.